आखाजीचं हवाई अंतर

दोन गावांमधलं अंतर कमी करणे हेच प्रगतीचं खरं लक्षण होय, याबद्दल आता कोणाचं दुमत राहिलेलं नाही. आमच्या असोद्याने तर त्यात आघाडीच घेतली आहे.

आमचे शेजारी तोताराम नाना, केळीवाले. थोरली लेक कामिनी टोरांटोला दिलेली, धाकटी भूमिका धुळ्याला. नानांच्या फोनवर दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि विमानाचा वेळ तत्काळ हजर होतो. टोरांटो पंधरा तास. धुळे सात मिनिटं. (धुळ्याला असं विमान जात नाही. पण गेलं तर सातच मिनिटं. फोनचा काय दोष?) "नाना, थोरलीला फारच लांब दिली बुवा," असं गाव हळहळे. धाकटीबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. सात मिनिटांसाठी काय हळहळायचं!

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशातल्या लेकींचा माहेरी येऊन झोका खेळायचा हक्काचा सण. यंदा नानांच्या घरच्या, सुंदरबाई अक्का, हट्टालाच पेटल्या. दारातला झोक्याचा निंब रस्ता रुंदीकरणात जाणार होता. (रुंदीकरण धुळं जवळ यावं म्हणूनच आहे.) "दोन्ही पोरी एकदा सोबत झोक्यावर पाह्यल्या म्हणजे झालं. मंग नेऊ द्या त्याहिले झाड," अक्का म्हणाल्या.

कामिनी आली. दोन विमानं, एक रेल्वे, शेवटी रिक्षा. तिच्या सासूने महिनाभर आधीच बॅग भरायला घेतली होती. एवढ्या लांब जायचं म्हणजे तयारी नको?

भूमिकेच्या सासूबाई धुरपदाबाई फोनवर म्हणाल्या, "आठेच ते शे माहेर. कव्हयबी जाता ई." माहेर इथेच तर आहे, कधीही जाता येईल. बिनतोड मुद्दा. जे कधीही करता येतं ते आजच कशाला करायचं? शिवाय त्यांची स्वतःची लेक आखाजीला माहेरी आलेली. तिच्यासाठी सांजोऱ्या कोणी तळायच्या? सहा वर्षांत कामिनी चारदा आली आणि भूमिका दोनदा (त्यातही एकदा आजी वारल्या म्हणून). तेव्हा सात मिनिटं ही पंधरा तासांच्या दुप्पट भरतात, हे सिद्ध झालं.

आखाजीला कामिनी झोक्याच्या पाटावर एका बाजूला सरकून बसली. उरलेल्या जागेवर फोन उभा केला. फोनमध्ये भूमिका, कढईसमोर, हातात झारा.

"ताई, हळू घे गं, मला इथं चक्कर येते," ती हसत म्हणाली. तेवढ्यात मागून हाक आली आणि ती गेली. फोनमध्ये नुसती कढई राहिली.

झोका देणाऱ्या अक्कांनी दोर सोडला. "कढईले काय झोका देऊ मी?" म्हणाल्या आणि रडतच घरात गेल्या.

पुढच्या आठवड्यात निंब पडला. धुळं आता वीस मिनिटांनी जवळ येणार आहे, आणि आम्हा सर्वांना त्याचा रास्त अभिमान आहे.

धुळ्याची माणसंच तशी, असं म्हणून आपण हसला असाल. आता हातातला चहा जरा खाली ठेवा आणि तो करून देणारीचं माहेर किती लांब आहे, ते आठवून पाहा. "इथेच तर आहे" असं मनात आलं असेल, तर फोन काढायची तसदी घेऊ नका. ते अंतर आमच्या अक्कांनी मोजलेलं आहे.