रुसवे काढणारे सेतुराव

रुसलेलं माणूस दिसलं की सेतुरावांचा चेहरा खुलतो. तुम्ही-आम्ही फुगलेल्या माणसापासून चार हात लांब राहतो. सेतुराव त्याच्या शेजारी मांडी ठोकून बसतात.

ते राहतात एग्मोरला. रेल्वेतून निवृत्त झालेले, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले तंजावरी मराठी. मी साताऱ्याचा, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासतो. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून व्यायाम सांगितला आणि मी घोडेस्वारीच्या क्लबात नाव घातलं. तिथे हे भेटले. गुडघ्यांमुळे ते आता घोड्यावर बसत नाहीत, पण क्लबची म्हातारी घोडी पोन्नी जिथे जाईल तिथे हे खरारा घेऊन हजर. कशाला आलात म्हणून विचारलं, तर म्हणतात, "पोन्नी बोलिंगली, मी आलों." बोलिंगली म्हणजे बोलावलं.

आमचा क्लब अधूनमधून समुद्रकाठच्या एका सुरूच्या बनात मुक्कामाला जातो. बन भाड्याचं, कुणीही यावं, तंबू ठोकावा. त्यामुळे घोडेवाले आणि तंबूवाले यांची हमखास जुंपते. तंबूंचे दोर घोड्यांच्या वाटेत येतात. एखादा हौशी माणूस घोड्याच्या मागच्या पायांशी उभा राहून फोटो काढून घेतो. सेतुरावांच्या मते हे भांडण नसतंच.

"लग्नघर आहे कीं हे! नवरदेवाचा घोडा मुलीकडच्यांनी आणायचा. घोडे आपण आणले, म्हणजे आपण मुलीकडचे. आधी मान द्यायचा, मग मागायचं."

बनाचे मालक सेल्वम मात्र या लग्नांना कावले होते. आणखी एक तक्रार आली की घोडे बंद, असं त्यांनी बजावलं होतं. लांबचा प्रवास पोन्नीला झेपत नाही. हे बन गेलं की ती तबेल्यात आणि सेतुराव घरात, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मागच्या मुक्कामी आम्ही पोचतो तर काय, घोडे बांधायची जागा आणि पाण्याची टाकी यांच्या मधोमध तंबू. गुडघ्याएवढ्या उंचीवर दोर, शेजारी फटाक्यांची पिशवी. अड्यारचा कार्तिक नावाचा तरुण आईची साठी साजरी करायला गोतावळा घेऊन आला होता. मी ब्रेकवाला, पण माझ्या तोंडाला ब्रेक नाही.

"एक फटाका वाजला तर घोडे दोर तोडून तुमच्या तंबूत शिरतील!" मी ओरडलो.

"मग घोडे नीट बांधा!" तो ओरडला.

ज्यांची साठी, त्या अम्मा गाडीत जाऊन बसल्या. घोडा असेल तिथे मी जेवणार नाही, म्हणाल्या आणि काच वर केली. कार्तिकने सेल्वमना फोन लावला. माझं धाबं दणाणलं.

सेतुराव मात्र खूश. थर्मासमधली कॉफी त्यांनी डवऱ्यात, म्हणजे कॉफीच्या पसरट वाटीत ओतली, गाडीपाशी गेले आणि दगडावर टेकले. घोड्यांचा विषयच नाही. तमिळमध्ये हवापाण्याच्या गप्पा. काच थोडी खाली आली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "साठी तुमची. जागा तुम्हाला विचारून ठरवली का?"

"अय्यो, मला कोण विचारतंय!" अम्मांचा बांध फुटला. घोडा राहिला बाजूला. मुलगा, सून, केक, सगळ्यांचा उद्धार झाला. सेतुराव तन्मयतेने ऐकत होते.

"मग आता तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "तंबू कुठे, घोडे कुठे?"

अम्मा पदर खोचून उतरल्या. तंबू झाडांपलीकडे हलवले. घोडे टाकीजवळ गेले. दोर अंधारात दिसावेत म्हणून प्रत्येकावर एकेक पांढरा पंचा बांधून घेतला. फटाक्यांची पिशवी त्यांनी स्वतः डिकीत टाकली. दचकायला त्यांनाही आवडत नाही म्हणे. सेल्वम आले तेव्हा अम्मा लांबूनच, हात ताणून, पोन्नीला गाजर देत होत्या. बिचारे केक खाऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी सेतुरावांना घरी सोडायला निघालो. वाटेत म्हटलं, "काका, एवढा धीर आणता कुठून?"

"धीर कसला? आमची कमला फार रुसायची," ते हसले. "भाजीत मीठ कमी म्हटलं, रुसली. नाही म्हटलं, तरी रुसली. मला भारी आवडायचं कीं तिला मनवायला." मग बाहेर बघत म्हणाले, "ती गेली. आता घरात अस्की शांत, सगळंच शांत. रुसायला कोण्ही नाही."

घर आलं, तसं ते म्हणाले, "वर या, शिंदे. कॉफी करतों."

मला उशीर झाला होता. तरीही मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून फुगून बसलो.

"मी नाही येत," म्हटलं. "दोन दिवसांत एकदा तरी म्हणालात का, शिंदे, पोन्नीवर बसा म्हणून?"

सेतुरावांचा चेहरा खुलला. मग ते दुखऱ्या गुडघ्यांनी उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आले आणि दाराला टेकून आरामात उभे राहिले.

"अरेरे," ते म्हणाले, "फार मोठी चूक झाली कीं. सांगा बघू सगळं, पहिल्यापासून."