वरून दिसायलंय

स्टँडमागच्या आमच्या गल्लीत कुणी पालापाचोळा पेटवला, की शिवप्पाअण्णा आपला टेलिफोन बूथ उघडा टाकून पाण्याची बादली घेऊन धावत. आधी आग विझवत, मग बोट आभाळाकडे करत. "कामून पेटवायलास? वरून दिसायलंय."

वर म्हणजे देव नव्हे. वर अण्णांचा मुलगा गुरुनाथ होता. निदान त्याचं यंत्र होतं. इथंच अफजलपुरात शिकलेला हा मुलगा जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत उपग्रहावर बसवायच्या लेसरचं काम करत होता. वरून उजेडाची रेघ सोडायची, ती जमिनीला लागून परत येते, आणि वाटेत किती उजेड खाल्ला गेला त्यावरून पृथ्वी तापवणारे वायू कुठं किती आहेत ते कळतं. हे मला अण्णांनीच समजावलं. मोबाईल आल्यापासून बूथवर गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे सोलापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या कुणालाही ते समजावत. म्हशीचा ढेकरसुद्धा त्या यंत्रातून सुटत नाही, असं सांगून समोरच्या मल्लप्पाच्या गोठ्याकडे दुःखाने बघत.

ऊस तुटून गेला की वाळलेलं पाचट फडातच पेटवायची इकडची रीत. मल्लप्पाने ते पेटवलं, तेव्हा अण्णा बादलीसह फडात हजर. मल्लप्पा शांत माणूस. त्याने एवढंच विचारलं, "अण्णा, वरून माझंच पाचट दिसायलंय व्हय? कारखान्याची चिमणी दिसंना?"

"तिचं मी बघतो," म्हणून अण्णा खरोखर कारखान्यावर गेले. वॉचमनने चहा पाजून त्यांना परत पाठवलं.

पुढे एका मंडळाने त्यांना शाल पांघरली. अध्यक्षांनी 'अंतराळवीराचे पूज्य पिताश्री' असा उल्लेख केला आणि भाषणातला बराच वेळ चंद्रावर काढला. अण्णांनी दुरुस्ती केली नाही. गुरुनाथ आईच्या दिवसांना येऊन गेला होता, त्याला बरीच वर्षं झाली होती. कधी येणार म्हणून कुणी विचारलं, की अण्णा म्हणत, यंत्र वर गेलंय, आता ते सोडून कसा यील?

मी दुपारी फुकटचा पेपर वाचायला बूथमध्ये बसायचो. एकदा अण्णा बादली घेऊन बाहेर गेलेले असताना गुरुनाथचा फोन आला. मी यंत्राबद्दल त्याचं अभिनंदन केलं. तो गोंधळला. यंत्र अजून टेबलावरच आहे, म्हणाला. लेसरच्या प्रखर उजेडाने त्याच्याच काचा खराब होतात, आणि वर गेल्यावर त्या बदलायला कोण जाणार? अजून पुष्कळ वर्षं लागतील.

"अण्णांना माहीत आहे की," तो म्हणाला. "दर फोनला सांगतो."

अण्णा आले, रिकामी बादली ठेवून स्टुलावर बसले. मी फोनचं सांगितलं, काचांचंही सांगितलं.

"टेबलावर हाय म्हणलं, तर पोरगं जर्मनीत हाय," ते म्हणाले. "वर हाय म्हणलं, तर रोज एकदा गावावरून जातंय."

मी उगाच मान वर करून आभाळ बघितलं.

"आत्ता न्हाई," अण्णा म्हणाले. "सकाळी गेलं."