आक्कासाहेबांच्या ॲक्रिलिक टोपड्याची हकीकत

श्री. ज्याने पहिली गाठ मारिली आणि ज्याने ती सोडविली, त्या उभयतांस नमन करोन लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, थंडी बहुत, ऐशा समयी एका डोंगरी राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्याचे नाव लिहिले नाही. लिहावे तर तेथील लोक रागावतील, न लिहावे तर इतर राज्यांचे लोक ते आपलेच समजोन रागावतील. दुसरा राग पुष्कळांत वाटून जातो, म्हणोन तोच पत्करिला.

या राज्यात महाराज राज्य करीत होते, आणि त्यांच्या वडील भगिनी सगुणाबाई, ज्यांस सर्व आक्कासाहेब म्हणत, त्या महाराजांवर राज्य करीत होत्या. मातुश्री निवर्तल्या तेव्हांपासोन वाड्यातील आहेर, मानपान आणि रुसवेफुगवे यांचा कारभार त्यांजकडे. स्वभाव करारी, बोलणे मोजके, आणि हातात विणकामाच्या सुया सदैव. रागावल्या म्हणजे टाके घट्ट पडत, त्यावरोन खोलीत कधी जावे आणि कधी न जावे हे दासी ओळखीत. राज्यात चाल ऐसी होती की, बारशाचे दिवशी ज्या बाईने विणलेले टोपडे बाळाचे डोईस असेल तिनेच बाळाचे कानात नाव सांगावे, आणि मग जमल्या बायकांनी आत्याचे पाठीत बुक्के मारावे. आजवर टोपडे आत्याचे, नावही आत्याचे आणि बुक्केही आत्याचे, यास्तव तक्रार कधी उद्भवली नाही. आक्कासाहेबांस मूलबाळ नव्हते. महाराजांस बहुत नवसांनी पुत्र जाहला, तेव्हा आक्कासाहेबांनी एक नाव मनात योजिले आणि ते कोणास सांगितले नाही. एवढ्या मोठ्या वाड्यात त्यांची म्हणावी ऐसी तेवढीच एक वस्तू होती.

मग नमुना पाहावा म्हणोन त्यांनी सागवानी पेटी उघडविली. महाराजांचे बारशाचे लोकरी टोपडे, जे त्यांचे आत्याबाईंनी विणले होते, ते तीत जपोन ठेविले होते. पेटी उघडिली तो आत कसर राज्य करीत होती. टोपड्याचा वरचा गोंडा तेवढा शाबूत आणि खाली चाळण. आक्कासाहेबांनी तो गोंडा तळहातावर घेतला, फुंकर घातली, आणि तोही उडोन गेला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसरे दिवशी बोलिल्या, "लोकर म्हणजे बेईमान जात. आपल्या माणसाचे हातचे विणले, आणि किड्यास पोसले. आता मला ऐसे सूत हवे की जे मी मेले तरी राहील."

ऐसे वाक्य कोणी मोठ्याने उच्चारिले की सौदागर येतोच. तो आला आणि त्याने ॲक्रिलिक नामे सुताचे गुंडे चौकात ओतिले. रंग ऐसे की इंद्रधनुष्य त्यापुढे विटलेले उपरणे वाटावे. सौदागर म्हणाला, "बाईसाहेब, हे मेंढीपासोन नाही, तेलापासोन निपजते. यास कसर खात नाही, हे सडत नाही, आटत नाही, चावत नाही. धुवा, पिळा, पुन्हा धुवा." आणि खरे लिहावे तर यात काही लबाडी नव्हती. आक्कासाहेबांनी त्याचे एक चौकोनी फडके विणोन कसर लागलेल्या पेटीत टाकिले, तर कसरीने ते चाखोन पाहिले आणि तोंड फिरविले. गरिबांघरी ज्यांस लोकर स्वप्नात दिसत असे, तेथे पोरांचे अंगावर लाल, हिरवे स्वेटर आले. लोकरीने ज्यांचे गळ्यास पुरळ येत असे ते सुखी जाहले. विणू शिकणाऱ्या मुली चुकल्या तरी पुन्हा उसवीत आणि पुन्हा विणीत, सूत तक्रार करीना. हे गुण लिहिले पाहिजेत. बखर लिहिणाऱ्याने शत्रूचाही घोडा पांढरा असेल तर पांढराच लिहावा.

परंतु राज्याचे दिवाण अंतोपंत म्हणोन होते, त्यांस चांगल्या गोष्टीचा हुकूम केल्याखेरीज चैन पडत नसे. त्यांनी हुकूम काढिला की, राज्यात यापुढे सर्वांनी ॲक्रिलिकच पांघरावे, आणि विणीव वस्त्र कोणतेही असो, राजवाड्यातील नव्या धुलाईयंत्रात कढत पाण्यानेच धुवावे, कारण दोन रीती ठेविल्या की दासी गोंधळतात. मग दरबारात मौज होऊ लागली. मानकरी स्वेटर काढू लागले की चटचट आवाज होऊन ठिणग्या उडत आणि शेंडी उभी राही. दोन मुत्सद्दी परस्परांस भेटले की झटका बसे. पूर्वी तो बोलण्याने बसत असे. बुरुजावरील पहारेकरी दुपारी घामाने भिजत आणि पहाटे त्याच घामाने गारठत. बाह्यांवर सुताचे गोळे जमत, आणि फुरसतीचे मानकरी दरबार चालू असता ते एकेक तोडीत बसत, त्यामुळे दरबारात निदान काहीतरी निकालात निघे. एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याने अर्ज केला की ऊब येत नाही. अंतोपंत बोलिले, "ऊब हा मनाचा भाव आहे. रंग पाहा, कसा टिकला आहे." तो म्हणाला, "पंत, रंग पांघरोन झोप येत नाही." त्याची बदली उत्तरेकडील बुरुजावर जाहली, जेथे वारा अधिक.

आक्कासाहेबांस हे सर्व दिसत होते. सूत सुईवर करकरते, बोटांस लोकरीसारखी लवचीक साथ देत नाही, एखादा टाका सैल पडला तर सैलच राहतो, हे त्यांचे बोटांस ठाऊक जाहले होते. तरी त्यांनी डाळिंबी रंगाचे टोपडे विणले, पुढे वेलबुट्टी, वर गोंडा, आणि मनाशी म्हटले की हे या बाळाचे नातवंडांचेही डोईस बसेल.

तो बारशाचे आदले दिवशी राणीसाहेबांच्या मातुश्री मैनाऊसाहेब आल्या. त्यांचे माहेर, सासर, दोन्ही मेंढपाळांचे मुलखात. त्यांनीही टोपडे विणोन आणिले, पांढऱ्या शुभ्र लोकरीचे, आणि बसताक्षणीच ते सर्वांदेखत उलगडिले. ते एवढे मोठे होते की महाराजांस बसले असते. आक्कासाहेब बोलिल्या, "विहीणबाई, बाळ बारा दिवसांचे आहे. हे टोपडे आहे की तंबू?" मैनाऊ म्हणाल्या, "वाढत्या अंगाचे विणले, आक्कासाहेब. आमच्याकडे मुले वाढतात." "आमच्याकडेही वाढतात, पण आधी त्यांचे बारसे करितो." "करा की. तुमचे ते डाळिंबी दिसते छान. देवळातील तोरणास लावावे ऐसे." "त्यास कसर लागत नाही." "का लागेल? कसरीलाही चव असते." ऐसे बोलणे चालले असता महाराज आत आले, उभयतांकडे पाहिले, आणि शिकारीस जाणे आहे ऐसे सांगोन निघोन गेले. मग ठरले की उद्या मुहूर्ती दोन्ही टोपडी ठेवावी, ज्याचे बाळाचे डोईस नीट बसेल त्याचा मान. आक्कासाहेब मनात हसल्या, कारण तंबू बाळाचे डोईस बसत नसतो.

त्याच सायंकाळी, बाळाचे अंगास नवे वस्त्र धुतल्यावाचून लावू नये म्हणोन, दासीने दोन्ही टोपडी धुण्यास नेली. दिवाणजींचे हुकुमाप्रमाणे यंत्रात टाकिली आणि कढत पाणी सोडिले. आक्कासाहेब तेथेच दाराशी उभ्या होत्या. लोकर कढत पाण्यात घुसळली म्हणजे तिचे काय होते हे त्यांस पुस्तकात वाचावे लागले नव्हते. लहानपणी आत्याबाईंचे हातचे धपाटे खाऊन त्या शिकल्या होत्या. "थांब" एवढा एक शब्द पुरेसा होता. त्यांनी दाराची कडी उगाच एकदा वाजविली आणि आत निघोन गेल्या.

सकाळी पाहतात तो डाळिंबी टोपडे जसेच्या तसे, आणि पांढरे आटोन, दाटोन, नारळाचे करवंटीएवढे जाहलेले, टाका ओळखू येईना. ते वाया गेले ऐसे समजोन कोणी बाळाचे डोईस लावोनही पाहिले नाही. मैनाऊंनी ते उचलोन आपल्या मांडीवर ठेविले. त्यांनी दासीस बोल लाविला नाही, कोणासच लाविला नाही. बायका जमल्या, पाळणा सजला, मुहूर्त जवळ आला. मग रीतीप्रमाणे शेगडी आणविली. निखाऱ्यावर ओवा, वेखंड आणि लसणाची साले टाकोन टोपड्यास धुरी द्यावी आणि मग ते बाळास घालावे, ही चाल राज्याहूनही जुनी. आक्कासाहेबांनी डाळिंबी टोपडे दोन्ही हातांनी शेगडीच्या जाळीवर धरिले. मैनाऊ जवळ बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "आक्कासाहेब, जरा वर धरा. तेलाचे सूत आहे, आच सोसणार नाही."

आक्कासाहेबांस वाटले, हा टोमणा. काल तोरण म्हणाली, आज तेल म्हणते. बोलिल्या, "आमचे सूत कशासही भीत नाही," आणि टोपडे बोटभर खाली नेले. प्रथम वेलबुट्टी चकाकली. बायका म्हणाल्या, तेज आले. मग वीण मान टाकिल्यासारखी ढिली पडली, मग कडा आत वळली, आणि मग गोंडा जाळीस चिकटला तो चिकटलाच. ओव्याचा वास जाऊन ऐसा वास सुटला की पुढे बसलेल्या बायका मागे सरल्या आणि मागच्या बाहेर गेल्या. आक्कासाहेबांनी ओढिले, तो सुताची तार निघाली, पाकाची निघते तैसी.

अंतोपंत दाराबाहेर होते, ते वासानेच आत आले, पाहिले, आणि क्षणाचाही विलंब न लाविता म्हणाले, "शेगडीचा दोष आहे. आचेस शिस्त नाही. आजच हुकूम काढितो, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी बंद." सर्वांचे अंगात तेच सूत होते आणि शेगडी समोरच होती, ज्याने त्याने आपापला स्वेटर आवरोन घेतला.

बाळ रडू लागले. डोई उघडी, थंडी कडाक्याची, मुहूर्त टळू पाहे. आक्कासाहेब जागच्या उठल्या आणि मैनाऊंसमोर बसल्या. मैनाऊंनी तेवढ्यात एकच विचारिले, "काल माझे टोपडे यंत्रात टाकिले, तेव्हा तुम्ही कोठे होता?" आता येथे खोटे बोलण्यास पुष्कळ जागा होती. दिवाणजी उभे होते, हुकूम त्यांचा होता, दासी कोपऱ्यात होती. आक्कासाहेब म्हणाल्या, "तेथेच होते." "आणि ठाऊक होते?" "ठाऊक होते. तुम्ही आज मला सांगितलेत, मी काल तुम्हांस सांगितले नाही." ऐसे बोलोन त्यांनी मैनाऊंचे मांडीवरील ते आटलेले, दाटलेले पांढरे टोपडे उचलिले, त्यास उंचावरोन बेताने धुरी दिली, आणि स्वहस्ते बाळाचे डोईस घातले. ते ऐसे बसले की जणू मापानेच विणले. वाढत्या अंगाचा तंबू कढत पाण्याने बारा दिवसांचे मापास आणिला होता. बाळ गप्प जाहले, कान झाकले गेले, आणि ऊब लागली म्हणोन झोपोनही गेले.

बायका परस्परांकडे पाहू लागल्या. आक्कासाहेब म्हणाल्या, "टोपडे तुमचे. नाव तुम्ही ठेवा." मैनाऊ पाळण्यावर वाकल्या आणि बोलिल्या, "तुम्ही काय योजिले होते?" आक्कासाहेब म्हणाल्या, "ते आता विचारू नये." मग मैनाऊंनी टोपड्याची कड किंचित उचलोन बाळाचे कानात नाव सांगितले, सरळ होऊन बसल्या, आणि म्हणाल्या, "नाव माझे झाले. पण बुक्के आत्याचे, ही चाल मोडता येणार नाही. वळा, आक्कासाहेब." आक्कासाहेब वळल्या. बायकांनी रीतीपुरते हात लाविले. मैनाऊंनी मात्र पदर खोचिला आणि मेंढपाळांचे मुलखातील एक मूठ ऐसी हाणिली की आक्कासाहेबांचे डोळ्यांत पाणी आले. महाराजांनी दारातून विचारिले, "आक्का, फार लागले काय?" त्या म्हणाल्या, "हिशेबाने लागले."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. शेगडीबंदीचा हुकूम अद्याप चालू आहे आणि राज्यात मुले खोकतात. अंतोपंतांस शीतलराव ऐसा किताब मिळाला. आक्कासाहेब पुढे दोन्ही सुतांनी विणीत: रोज धुवावे लागते ते ॲक्रिलिकचे, आणि ज्यास ऊब पाहिजे ते लोकरीचे, आणि दारात उभ्या राहोन दासीस सांगीत की कोणते कोणत्या पाण्यात. बारशाचे ते पांढरे टोपडे काही वर्षांनी कसरीने खाल्ले. डाळिंबी टोपडे जाळीस चिकटलेले तैसेच जामदारखान्यात आहे. त्यास कसर नाही, कुज नाही, रंगही उणा नाही, आणि ते कोणाचेही डोईस कधी गेले नाही. पाहुणे आले की दिवाणजी ते टिकाऊपणाचा दाखला म्हणोन दाखवितात.