बॉयलरवाल्या अण्णांचा गिझर

भूपाल अण्णा भिंतीला फुलपात्र आणि फुलपात्राला कान लावून उभे असले, की समजायचं, आतल्या पाइपात काहीतरी बिनसलंय. निदान अण्णांच्या मते तरी. आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यांना पहिल्यांदा माझ्या बाथरूममध्ये या अवस्थेत पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्याकडची भांडणं ऐकायला आलाय!

"पावणं, तुमचा नळ दम खातोय," ते म्हणाले. मी मूळचा साताऱ्याचा. कोल्हापुरात माझे केस पांढरे झाले, मुलीचं लग्न झालं, तरी अण्णांच्या लेखी मी पावणाच.

अण्णा कागलकडचे. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर झालेली. त्यामुळे जगात जिथं म्हणून वाफ आणि पाणी आहे, तिथं आपला हक्क आहे असं ते धरून चालतात. रस्त्यानं जाता जाता कुणाच्या कुकरचा आवाज आला तरी थांबून सांगतात, "वैनी, शिट्टीत कचरा अडकलाय." लग्नाला गेले की नवरानवरीला बघायच्या आधी आचाऱ्याची शेगडी बघतात. आणि वाद घातलात, तर उत्तर ठरलेलं असतं. "बॉयलर सांभाळलाय मी!"

त्यांचा एक सिद्धांत आहे. "मशीन आपोआप बिघडत न्हाय, आन् आपोआप सुधरत बी न्हाय. कुणीतरी माणसानंच काडी केलेली असती." पंखा, मिक्सर, मोटरसायकल, कशालाही ते हा लावतात. मग ती काडी कुणी केली हे शोधेपर्यंत जेवत नाहीत.

अशा माणसाला गिझर कंपनीवाले दर वर्षी फोन करायचे, की दुरुस्तीचा वार्षिक करार करा. अण्णा फोनवर इतके ओरडायचे, की आमचं मांजर पलंगाखाली जायचं. "करार? अवो, तुमचं छप्पन गिझर पोटात घालंल असला बॉयलर सांभाळलाय मी!"

आणि एवढ्या जाणकार माणसाच्याच घरात गिझर फुटला.

झालं असं, की गिझर तापला की त्याच्या सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब थेंब पाणी पडायचं. ते पडायलाच हवं, आतलं प्रेशर तिथूनच उतरतं. हे अण्णांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? पण ते थेंब पडायचे नेमके फरशीवर, आणि अक्कांचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, गुडघे गेलेले. अक्का भल्या सकाळी अंघोळ करून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जाणार. "ही घसरून पडंल एखांद दिवशी," म्हणून अण्णांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि व्हॉल्व करकचून आवळून टाकला.

नंतर एका सकाळी धडाम आवाज झाला. मी टॉवेलवर धावलो. पाइपाचा जोड उडाला होता, कढत पाणी छतापर्यंत गेलं होतं आणि आत नुसती वाफ. अक्का नुकत्याच बाहेर आलेल्या, डोक्याला पंचा तसाच. अण्णांनी आधी मेन स्विच पाडला, मग पालथ्या बादलीवर बसले.

"कारखान्यात कुणी व्हॉल्व आवळला असता, तर त्येला गेटाभाईर काढला असता मी," ते म्हणाले.

"मला काय झालंय व्हय? उठा की, तोंड पाडून काय बसलाय!" अक्कांनी दटावलं. पण अण्णा उठले नाहीत. अण्णांना असं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात नवा गिझर बसला. अण्णांनी कंपनीच्या माणसाला आपणहून बोलावलं. मला साक्षीला बसवलं. मग उलटतपासणी सुरू झाली.

"फोन केल्यावर माणूस बोलतोय का एक दाबा, दोन दाबा?"

"आधी दाबायला लागतं, काका."

"न्हाय जमायचं. हिला आकडं दिसत न्हाईत. मेकॅनिकचा नंबर द्या. आन् तो दारात चप्पल काढतोय न्हवं? मोठ्यानं बोलत न्हाय न्हवं? ही बुजत्या."

माणसानं घाम पुसत सगळं कबूल केलं. "करार तुमच्या नावावर करू ना?"

"हिच्या नावावर करा. फोन नंबर बी हिचाच लिवा."

"पण फोन तर तुम्हीच करणार की!"

"मी हाय तवर तुमची गरजच न्हाय," अण्णा ठणकावून म्हणाले. "बॉयलर सांभाळलाय मी. करार मी नसल्यावरचा हाय."

आत चहाच्या भांड्यांचा आवाज चालला होता. तो थांबला.

त्यानंतरच्या रविवारी अण्णा फुलपात्र घेऊन माझ्याकडे आले. "पावणं, आज मी न्हाय."

"म्हणजे?"

"गच्चीवरनं गिझरला येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून आलोय. बघूया, ती एकटी काय करत्या." आणि भिंतीला कान लावून उभे राहिले.

अक्कांचा आवाज असा, की फुलपात्राची काही गरज नव्हती. आधी हाक आली. "अवो! कुठं गेलासा?" अण्णा निघालेच होते, मी दंड धरून थांबवलं. आणि मग अक्का फोनवर.

"हॅलो, भूपाल अण्णांच्यातनं बोलतोय. गरम पाणी येईना झालंय... व्हय, मालक हाईत की. लई जाणकार हाईत. पण तेंचा हात आता थरथरतोय, आन् तरी स्टुलावर चढत्यात. म्हणून म्हणतो, ते भाईर गेल्यात तवर येऊन जावा. आन् तेंस्नी सांगू नगासा, वाईट वाटंल."

अण्णांनी फुलपात्र खाली ठेवलं आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मी चहा टाकला.

मेकॅनिकची गाडी आली, गेली. मग अण्णा उठले. फुलपात्र विसरलेच होते, ते द्यायला मीही मागून गेलो. अक्का दारातच होत्या.

"मगाशी गरम पाणी बंद पडलं हुतं," त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या. "आता आपोआप सुरू झालं बघा."

आपोआप! मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी सावकाश चप्पल काढली, माझ्या हातातलं फुलपात्र घेऊन अक्कांकडे दिलं.

"हुतंय की," ते म्हणाले. "कवा कवा हुतंय तसं."