पाणी गेल्याची रंगीत तालीम

समजा, तुमच्या इमारतीचं पिण्याचं पाणी आत्ता अचानक बंद झालं. काय कराल? बोंबाबोंब कराल. आमच्या इमारतीत तसं होणार नाही. कारण तिथला सेक्रेटरी मी आहे आणि माझी आणीबाणीची योजना तयार आहे!

नुसती तयार नाही, मी तिची रंगीत तालीमसुद्धा घेतली. दिवस मुद्दाम रविवारचा निवडला. त्याच संध्याकाळी सेक्रेटरीपदाची निवडणूक होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई माझ्याविरुद्ध उभ्या होत्या. सकाळी तालीम झोकात झाली, की संध्याकाळी बाईंना एकही मत पडणार नव्हतं, त्यांचं स्वतःचंसुद्धा!

योजना साधी होती. मी पार्किंगमधल्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणार, नळ कोरडे पडणार, आणि मी प्लंबरला नि टँकरवाल्याला फोन लावणार. पण ते खरोखर आले तर बिचाऱ्यांचा रविवार फुकट जायचा. म्हणून त्या दोघांना सगळ्या रहिवाशांसमोर बोलावून आधीच बजावलं, की माझा फोन आला तर नुसतं 'निघालोच' म्हणायचं आणि घरीच बसायचं. मी घाबरलेला दिसेन, रडकुंडीला येईन, कदाचित 'हे खरं आहे' असंही म्हणेन. कोणीही फसायचं नाही.

"इतकं सगळं कशाला?" बायकोने विचारलं.

"अगं, संकट खरं वाटायला नको का?"

वाटलं. रविवारी सगळे पार्किंगमध्ये जमले. मी ऐटीत व्हॉल्व्हचं चाक फिरवलं आणि ते व्हॉल्व्हसकट निखळून माझ्या हातात आलं. मागोमाग पाणी आलं. काठोकाठ भरलेली टाकी गाड्यांखालून गटाराकडे निघाली. मी त्या भोकावर आधी हात धरला, मग रुमाल, शेवटी पाठ लावून उभा राहिलो. माझी पाचावर धारण बसली होती. रहिवाशांनी टाळ्या वाजवल्या.

तशाच अवस्थेत प्लंबरला फोन लावला. "निघालोच, साहेब," तो म्हणाला. मी कळवळून सांगितलं, की बाबा रे, ही तालीम नाही, व्हॉल्व्ह खरंच तुटलाय. पलीकडून त्याने फोन स्पीकरवर टाकल्याचा आवाज आला.

"साहेब, ते पुन्हा एकदा म्हणा. आमच्या घरच्यांना ऐकायचंय."

टँकरवाला तर 'निघालोच' एवढंच म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला. मग मी रहिवाशांना विनवायला लागलो, की आहे तेवढं पाणी तरी बादल्यांत भरून घ्या. एक जण बादली आणायला वळला, तर बाईंनी त्याला दटावून जागेवर उभं केलं. कोणीही फसायचं नाही, असं ठरलंय ना? तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, की डोळ्यांतलं पाणी तर अगदी अस्सल जमलंय.

टाकी रिकामी झाली. सगळे माझी पाठ थोपटून वर गेले आणि नळ सोडून बघितल्यावर दुप्पट वेगाने खाली आले. डॉक्टरांचा पेशंट तर तोंड उघडं ठेवूनच आला. त्याची चूळ भरायची राहिली होती. मला शिव्या देण्याएवढी ओलसुद्धा कुणाच्या घशात उरली नव्हती, तरी त्यांनी दिल्या.

एवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. टँकर! मला रडूच कोसळलं, या वेळी योजनेबाहेरचं. घराघरांतल्या बादल्या, हंडे, पातेली भरायला लागली. बाईंनी मात्र टँकरवाल्याला गाठलं.

"तुम्हाला घरी बसायला सांगितलं होतं ना?"

त्याने डोकं खाजवलं. "सांगितलं असेल. साहेब फार बोलतात हो, माझं लक्षच नव्हतं. फोनवर पाणी-पाणी करत होते, म्हणून पाणी आणलं."

संध्याकाळी सभेला मी मान खाली घालून गेलो. आता पद जाणार, हे मीच स्वतःला समजावलं होतं. बाई बोलायला उठल्या.

"सेक्रेटरी मनापासून राबतात, हे मान्य करायला हवं. त्यांनाच राहू द्या, मी माघार घेते. एकच अट. यापुढे त्यांनी काहीही सांगितलं तरी कोणी ऐकायचं नाही."

मी आशेने बायकोकडे पाहिलं. आपल्या माणसाच्या बाजूने एक तरी शब्द नको का? ती उठलीच.

"अनुमोदन," ती म्हणाली. "आमच्या घरी पहिल्यापासून हीच पद्धत आहे. म्हणून तर अजून एकदाही आणीबाणी आलेली नाही."

मी बिनविरोध निवडून आलो.