उणे तीन टक्के

मी लॅबमध्ये मशीनसमोर बसलो की तेलातुपातलं काहीही माझ्यापासून लपून राहत नाही, असं मी घरात इतक्यांदा सांगितलंय की बायको आता पूर्ण ऐकूनही घेत नाही. तिच्या मोठ्या बहिणीने मात्र ऐकून घेतलं आणि तिथेच घोळ झाला.

ताईंची बेकरी आहे. हॉस्पिटलच्या कँटीनला बिस्किटं पुरवायचं काम त्यांना मिळण्याच्या बेतात होतं. दोन वर्षं त्यांनी त्यासाठी चपला झिजवल्या होत्या. आता अट एकच उरली होती: ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला छळणारी ती चरबी, दोन टक्क्यांच्या आत असल्याचा लॅबचा रिपोर्ट.

"तुमच्याकडे होईल ना?"

"ताई, दहा मिनिटांचं काम. ऑर्डर मिळाली असंच समजा."

आमच्या मशीनवर तिळाएवढा हिरा बसवलाय. त्यावर चरबीचा थेंब ठेवायचा, खालून इन्फ्रारेड किरण सोडायचे, की स्क्रीनवर रेघ उमटते. ट्रान्स फॅट असेल तर ठरलेल्या जागी टेकडी दिसते. त्याआधी हिरा लख्ख पुसून नुसताच मोजायचा, म्हणजे रिकामं कशाला म्हणतात ते मशीनला कळतं. हे मी नव्या लोकांना बोट नाचवून शिकवतो.

त्या दिवशी बिस्किटं कुटली, चरबी काढली, थेंब ठेवला. बघतो तर टेकडीच्या जागी खड्डा! आकडा आला उणे तीन.

शहाण्या माणसाने इथे थांबून डोकं खाजवलं असतं. मी खाजवणार, तेवढ्यात ताईंचा फोन.

"शून्य आलं का हो?"

"शून्य? अहो, शून्याच्याही खाली आलंय."

बोललो आणि जीभ चावली. पण बोललेलं मागे घेतील ते आम्ही कसले! रिपोर्टवर सही ठोकून मोकळा झालो.

संध्याकाळी बेकरीवर पाटी लागली: 'शून्यापेक्षाही कमी ट्रान्स फॅट'. घरी सासरे बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. डबा अर्धा झाला होता.

"जावईबापू, आणखी किती खाल्ली की माझी कोलेस्टेरॉलची गोळी बंद होईल?"

"अहो, काहीतरी बोला ना," बायको म्हणाली.

"बाबा, आज एवढी पुरे," मी म्हणालो. यापलीकडे विज्ञान मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाई थेट लॅबमध्ये हजर. मागे ताई, चेहरा पांढराफटक.

"उणे तीन म्हणजे काय? पेशंटने बिस्किट खाल्लं की त्याची चरबी बिस्किटात जाते?"

"तांत्रिक भाषेत सांगायचं तर..."

"साध्या भाषेत सांगा. की या बाईंनी आकडा लिहून घेतलाय तुमच्याकडून?"

ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्यासमोर पहिल्यापासून करा," बाई म्हणाल्या.

कापूस घेतला, हिरा पुसला आणि हात तिथेच थांबला. काल मी आधी मोजला होता आणि मग पुसला होता! सकाळी तपासलेलं मार्जरीन, म्हणजे ट्रान्स फॅटने गच्च भरलेलं नकली लोणी, हिऱ्यावर तसंच होतं. मशीनला मी मार्जरीन दाखवून 'हे बघ, हे रिकामं' असं शिकवलं होतं. त्यापुढे बिचारी बिस्किटं उणेच भरणार.

"चूक ताईंची नाही, बिस्किटांची नाही," मी म्हणालो. "माझी आहे." पंधरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं.

नव्याने मोजलं. शून्य पूर्णांक चार. दोनच्या कितीतरी आत! म्हणजे कालच गप्प बसून नीट पुसलं असतं तर एवढं रामायण घडलंच नसतं.

बाईंनी आकडा दोनदा वाचला. "बिस्किटं उत्तम आहेत. ऑर्डर पक्की समजा. फक्त रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा आणा."

ताईंनी डोळे पुसले, पर्समधून कागद-पेन काढलं आणि चांगल्या लॅबचा पत्ता विचारला. मलाच विचारला. मी सुवाच्य अक्षरात लिहून दिला.