वरमायच्या मागून तीस किलोमीटर

“तुम्ही व्हा पुढं, ईनबाई.”

“छ्या! मी कशी पुढं व्हू? तुम्ही वरमाय. तुम्ही व्हा.”

“अवो, पण तुमची सायकल आडवी उभी हाय. तुम्ही निघाल्याबिगर मला वाटच न्हाई.”

“मग मी उचलून बाजूला ठिवते.”

आणि मुखेडच्या सिंधूबाईंनी खरोखरच सायकल उचलून कडेला ठेवली. दापोलीच्या खाली, कर्द्याच्या किनाऱ्यावर सकाळचे सात वाजले होते. पुण्याहून आलेली सहा कॉम्प्युटरवाली पोरं केव्हाच पुढे निघून गेली होती. मागे उरल्या होत्या दोन विहिणी, दोन सायकली, गळ्यात शिट्टी अडकवलेली दीपाली नावाची गाईड आणि एक टेम्पो. जो दमेल त्याला आत घालायचं, एवढंच त्या टेम्पोचं काम.

खरं तर ही सहल बुक केली होती सत्यम आणि पुनम या नवराबायकोने. पण पुनमला सातवा महिना लागला, डॉक्टरने सायकल काय, रिक्षाही नको म्हणून सांगितलं. डोहाळजेवणाला दोन्हीकडच्या आया पुढच्या महिन्यात पुण्यात येणारच होत्या. सत्यम दोघींना फोनवर म्हणाला, “तुम्ही दोघी जा. तेवढंच एकमेकींशी बोलाल.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. औशाला लग्न लागलं त्या दिवशी विहिणींच्या पंगतीत वरमायचे पाय धुवायला तांब्या वेळेवर आला नाही, आणि सत्यमची आई, अंबिकाबाई, ताटावरून उठल्या. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं म्हणजे “बरं हाय का?” आणि “बरं हाय.”

आता कुणी म्हणेल, चौपन्नाव्या वर्षी सिंधूबाईंना सायकल कुठून येते? तर ती मागच्याच महिन्यात आली. सहलीचं कळल्यावर त्यांनी शेजारच्या पोरीची शाळेतून मिळालेली सायकल मागून आणली आणि आठवड्याच्या बाजाराच्या मोकळ्या मैदानात पंधरा दिवस पडून पडून शिकल्या. सगळं मुखेड दात काढत होतं. नवरा, अण्णाराव, ओट्यावर बसून म्हणाले, “कशाला गुडघे फोडून घेऊन राहिलीस? मागं टेम्पो असतोय म्हणं. त्यात बसून ये की आरामात.” हे ते चारचौघांत बोलले, तिथं ते चुकले. सिंधूबाईंनी त्याच चारचौघांत सांगितलं, “तीस किलोमीटर माझ्या पायानं गेले न्हाई, टेम्पोला हात जरी लावला, तर मुखेडात तोंड दाखवणार न्हाई.” बाईमाणसाने असं बोलून बसू नये. पण बोलून बसल्यावर मागे फिरू नये, हेही तितकंच खरं.

शेवटी अंबिकाबाई पुढे निघाल्या. अंगात ट्रॅकसूट, त्यावर ओढणी, डोक्याला सहलीच्या कंपनीने दिलेली पांढरी टोपी. शाळेत असताना त्या औशाच्या किल्ल्यापर्यंत सायकलीवर जायच्या, म्हणून पाय विसरले नव्हते. पण गुडघ्यांना मधली चाळीस वर्षं आठवत होती. सायकल अशी चालली होती, की शेजारून जाणारं कुत्रं दोनदा थांबून त्यांची वाट बघत होतं.

आणि मागे सिंधूबाई. नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, पायात शेताचं बळ. त्या मनात आणत्या तर अर्ध्या तासात त्या पोरांना गाठत्या. पण वरमायच्या पुढे कसं जाणार? लेक दिलेल्या घरच्या बाईच्या पुढे आपण पाऊल टाकत नाही, तिथे चाक कसं टाकायचं? म्हणून त्या ब्रेक दाबून होत्या. चढावर ब्रेक, सपाटीवर ब्रेक. सायकलीला वाटलं असेल, ही बाई मला चालवायला बसली की धरून ठेवायला?

मुरुडच्या अलीकडे उतार लागला आणि घात झाला. ब्रेक दाबून दाबून थकला होता. सिंधूबाईंची सायकल सूं करून विहिणीच्या बाजूने पुढे निघून गेली. खाली पोचताच त्या टाकोटाक उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या राहिल्या.

“चुकून झालं, ईनबाई. सायकलनंच केलं.”

“असू द्या की,” अंबिकाबाई म्हणाल्या. पण ओठ असे मिटले, की तांब्याची आठवण दोघींनाही झाली.

पुढे एका घरी कोकम सरबत होतं. दीपालीने बिचारीने जवळ उभ्या असलेल्या सिंधूबाईंच्या हातात पहिला पेला दिला. सिंधूबाईंनी तो विहिणीपुढे केला. विहिणीने परत केला. “तुम्हाला दिलाय, तुम्हीच घ्या.” “तुमच्या आधी कसा घेऊ?” पेला चार वेळा गेला आणि चार वेळा आला. पाचव्या वेळी तो कुणाच्याच हातात राहिला नाही, अंबिकाबाईंच्या ट्रॅकसूटवर गेला. मग ट्रॅकसूट धुणं आलं. मग वाळवणं आलं.

दीपालीने घड्याळ बघितलं. “मावशी, मुलं हर्णै ओलांडून गेली हो. आंजर्ल्याची पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, आपल्याला साडेअकराच्या आत पार करायची आहे. नंतर पाणी चढतं.”

“चढू द्या की,” सिंधूबाई म्हणाल्या. “आम्ही कुठं पाण्यात चाललोय?”

यात सिंधूबाईंचाही दोष नाही. आमच्याकडच्या माणसाने पाणी पाहिलंय ते तळ्याचं. ते उन्हाळ्यात उतरतं, पण चांगले तीन महिने घेऊन, सगळ्या गावाला सांगून उतरतं. सकाळी खाली आणि दुपारी वर, असला चंचलपणा आमच्या मन्याड नदीच्या तळ्यातल्या पाण्याने कधी केला नाही.

आंजर्ल्याला पोचायला बारा वाजले. दीपालीला पुढच्या पोरांनाही बघायचं होतं. ती म्हणाली, “टेम्पो सडकेने येईल. तुम्ही या चाकांच्या खुणा धरून सरळ या, मी टोकाला थांबते. पण मध्ये थांबू नका.” दोघींनी माना हलवल्या आणि ती गेली.

मग त्या पुळणीवर दोघीच राहिल्या. ओली वाळू आरशासारखी, तिच्यात आभाळ उतरलेलं. सायकल चालली तरी आवाज नाही. जणू कुणी झोपेत पाय चालवावेत. डाव्या हाताला समुद्र. सिंधूबाईंना तो पेरणीआधीच्या काळ्या रानासारखा वाटला. फक्त हे रान स्वतःच स्वतःला नांगरत होतं, नांगराचं तास संपलं की मोडत होतं आणि पुन्हा पहिल्यापासून घालत होतं. ना बैल, ना घाई. कुणी बघो न बघो. त्यांना आठवेना, की या जन्मात आपण इतका वेळ कशाकडेही नुसतं बघत बसलो होतो का.

“ईनबाई,” त्या मागून म्हणाल्या, “ह्याचा काही मान केल्याबिगर असंच फुडं जायचं?”

अंबिकाबाई थांबल्या. त्यांच्याही मनात तेच होतं. “डोहाळजेवणातला खण-नारळ हाय माझ्या पिशवीत.”

“पण खण कसा चालंल? हा समुद्रदेव. बाप्या माणूस.”

“व्हय की.” अंबिकाबाई विचारात पडल्या. “बाप्याला टॉवेल-टोपी पायजे.”

टॉवेल सिंधूबाईंच्या पिशवीत होता. टोपी अंबिकाबाईंच्या डोक्यावर होती. सायकली लावायला गेल्या तर कोरड्या वाळूत स्टँड रुतत होता, म्हणून खाली, ओल्या कडक वाळूत, पाण्याच्या अगदी काठाला नीट शेजारी-शेजारी लावल्या. मग व्याह्याचा करावा तसा समुद्राचा मान केला. नारळ वाढवला, टॉवेल-टोपी लाटेवर सोडली. लाट आत गेली आणि टॉवेल-टोपी पायाशी परत आणून टाकली.

“घेईना की!” सिंधूबाई घाबरल्या.

“एका खेपेला कोण घेतंय? आग्रह करा.”

तीन वेळा आग्रह केला, तेव्हा टोपी गेली. टॉवेल काही गेला नाही. “आखूड वाटला असंल,” अंबिकाबाई म्हणाल्या, आणि दोघी एकदम हसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मग सुरूच्या सावलीत जाऊन बसल्या. सिंधूबाईंनी धपाटे सोडले. खाता खाता अंबिकाबाईंनी पुनमचा विषय काढला, तिला रात्री पाय दाबून कोण देतं ते सांगितलं. सत्यमच देतो. पुनमच्या आईला हे नवीन होतं. त्यांनी विहिणीच्या ताटलीत आणखी एक धपाटं ठेवलं. वर सुरूच्या झाडांतून वारा वाहत होता, कुणी दूरवर तुरीचं पीक वाफ्यावाफ्याने हलवत असावं तसा. “तुम्ही जरा आडव्या व्हा,” सिंधूबाई म्हणाल्या. “आधी तुम्ही,” अंबिकाबाई म्हणाल्या. यावरून वाद घालता घालता दोघी बसल्या जागीच झोपल्या.

जाग आली तेव्हा समुद्र जवळ येऊन बसला होता.

“अगं बाई! सायकली कुठं गेल्या?”

सायकली कुठेही गेल्या नव्हत्या. त्या जिथे लावल्या तिथेच होत्या, समुद्रच तिथे आला होता. एकीचं हँडल दिसत होतं, दुसरी आडवी झालेली. सिंधूबाई पदर खोचून धावल्या, मांडीभर पाण्यात शिरल्या. दोन्ही सायकली हाताच्या अंतरावर. पण हात गेला तो विहिणीच्या सायकलीकडे. विचार करून नव्हे. विचार करायला वेळ असता तर कदाचित आपलीच धरली असती. ती ओढून वर आणली, मागे वळल्या, तोवर त्यांची स्वतःची सायकल लाटेखाली गेली होती. एकदा पायडल वर आलं, जणू कुणी “येते हां” म्हणून हात हलवला. मग तेही नाही.

तेवढ्यात वरच्या सडकेवर टेम्पो आला आणि दीपाली धावत खाली उतरली. “कुणाला लागलं नाही ना? सायकलचं सोडा, ती वाळूत रुतते, ओहोटीला काढतील आमची माणसं. चला, बसा टेम्पोत. अजून बारा किलोमीटर आहे आपला केळशीचा मुक्काम.”

सिंधूबाई ओल्या लुगड्यात उभ्या राहिल्या. “मी चालत यीन.”

“मावशी, बारा किलोमीटर!”

“मुखेडाहून देवाला चालत जातोच की आम्ही. टेम्पोत बसणार न्हाई मी. तसं बोलून आलेय.” आणि त्यांनी विहिणीची सायकल पुसून, स्टँडवर लावून, हँडल विहिणीकडे वळवलं. “तुम्ही व्हा पुढं, ईनबाई.”

अंबिकाबाईंनी हँडलला हात लावला नाही. त्या वाळूतच बसल्या.

“एक बोलू का? मला न्हाई जमायचं. पहिल्या चढालाच माझे गुडघे गेले.”

“मग तव्हाच टेम्पोत बसायचं की!”

“कशी बसू? मुलीची आई सायकलीवर अन् वरमाय टेम्पोत? औशात माझी काय शोभा राहिली असती? मी म्हणत होते, तुम्ही कव्हा दमता अन् मी कव्हा सुटते. तर तुम्ही दमेचनात!”

“अवो, मी काय दमू? मी ब्रेक दाबून होते सकाळधरून!”

“कशापायी?”

“तुमच्या फुडं जाऊ नये म्हणून!”

दीपाली एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. तिच्या आठ वर्षांच्या धंद्यात पंक्चर, साप, दारुडे सगळं झालं होतं. हे झालं नव्हतं.

पण वरमाय आपणहून टेम्पोत चढत नसते. तीही रीत आहे. सिंधूबाईंनी तीन वेळा आग्रह केला, अंबिकाबाईंनी दोन वेळा नको म्हटलं. तिसऱ्या वेळी सिंधूबाईंनी बाटलीतलं पाणी त्यांच्या वाळूने भरलेल्या पायांवर सावकाश ओतलं, समुद्राने न घेतलेल्या टॉवेलने पाय पुसले, आणि अंबिकाबाई ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. दीपाली मागे चढली.

मग सिंधूबाई सायकलीवर बसल्या. पुढच्या पाडले गावाकडे रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. ऊन उतरत होतं, पाण्यावर सोन्याचा भुसा पाखडल्यासारखा झाला होता. त्यांनी ब्रेकवरची बोटं काढली. पुढे विहीण नव्हती, नवरा नव्हता, सासरा नव्हता, बैलगाडी नव्हती. चौपन्न वर्षांत त्यांच्या पुढे कुणी ना कुणी चालत आलेलंच होतं. लुगडं वाऱ्याने वाळलं, कधी ते त्यांना कळलंही नाही.

मागे टेम्पोच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला. “बाई, पुढे काढतो. असा चाललो तर क्लच जळेल.”

“खबरदार,” अंबिकाबाई म्हणाल्या. “माझ्या ईनबाई हायत त्या. त्यांच्या फुडं गाडी काढायची न्हाई.”

टेम्पोमागे दोन रिक्षा साठल्या, मग मासळीची एक गाडी, मग कुणाचं तरी वऱ्हाड. हॉर्न वाजवून वाजवून सगळे गप्प झाले आणि सावकाश, संध्याकाळी रानातून घरी निघाल्यासारखे चालत राहिले.

केळशीला मुक्कामाच्या घरापुढे ती सहा पोरं ओळीने उभी होती. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मोबाईल धरला. “काकू, पोचलात! तीस पूर्ण!”

सिंधूबाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, बक्षीस वाटायला आलेल्या पाहुण्या बाईने हलवावी तशी, आणि सायकल तशीच पुढे नेली. फाटक मागे पडलं. पोरांच्या टाळ्या मागे पडल्या. रस्ता माडांच्या बनात शिरत होता, तिकडे त्याही शिरल्या.

“मावशी! इथंच थांबायचंय!” मागून दीपालीने शिट्टी फुंकली. एकदा, दोनदा.

ड्रायव्हरने फाटकापाशी वेग कमी केला. “मुक्काम गेला की बाई मागे. आता काय करू?”

अंबिकाबाईंनी पाय सीटवर वर घेतले, मांडी घातली आणि पुढे चाललेल्या त्या एकट्या पाठीकडे बघत म्हणाल्या, “त्या वळतील तव्हा वळा.”